शीळफाटा ते खाडी: उपग्रहाला न दिसलेलं शेत

या ब्लॉगवर मी देवळं, घाट आणि खानावळींबद्दल लिहीत आलोय. हा प्रवास तसला नाही. ठाण्यातून निघालेलो आणि दोन दिवसांत ठाण्यातच परत आलेलो, तेही सरकणाऱ्या खिडकीच्या एसटीने. नव्वदनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. इतके दिवस हे लिहायचं टाळलं, कारण यात माझी फजिती आहे आणि फजितीपेक्षा वाईटही काही आहे.

तेव्हा मी ठाण्यातल्या एका लहानशा खाजगी ऑफिसात हंगामी सहायक होतो. उपग्रहाने काढलेल्या फोटोंवरून जमिनीचे नकाशे करून आम्ही ते जिल्ह्याच्या कचेरीला द्यायचो. फोटो म्हणजे टेबलभर पसरणारा चकचकीत कागद. त्यात हिरवं काहीच नसतं. झाडं आणि पिकं लाल दिसतात, पाणी काळपट निळं, उघडी जमीन राखाडी किंवा पांढुरकी. त्यावर पारदर्शक फिल्म ठेवायची आणि बारीक पेनाने एकेका तुकड्याभोवती रेघ मारत जायचं. हे पीक, हे जंगल, हे पडीक. मान अवघडायची, पण ऐट अशी की जिल्हा आपल्याच हाताखाली आहे.

टेबलावरचा नकाशा जागेवर जाऊन तपासावा लागतो. माझ्या शीटवर, म्हणजे माझ्या वाट्याच्या नकाशावर, सहा ठिकाणं तपासायची होती. साहेबांनी बजावलं, "दिसेल ते लिही, ऐकलेलं नको. आणि हे बघ, दोन चुकांपर्यंत मी सांभाळून घेईन. तिसरी निघाली तर अख्खी शीट पहिल्यापासून." शीट पहिल्यापासून म्हणजे तीन महिने. जूनमध्ये मला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. साहेबांनी ते बोलून दाखवलं नाही, मला आठवण करून द्यायची गरजही नव्हती.

मे महिन्यातल्या एका सकाळी ठाण्याच्या खोपट स्टँडवरून गाडी पकडली. जागा मिळाली ती नेमकी मागच्या चाकावरची. मुंब्र्यापर्यंत पोटातला चहा घशाशी येत राहिला. कधी त्या बाजूला जायचं झालं तर पुढे बसा, एवढा सल्ला अजूनही लागू आहे. शीळफाट्याला उतरलो तेव्हा नऊ वाजले असतील आणि ट्रकांच्या धुळीने झाडांची पानं पांढरी पडली होती. टपरीवर दोन पाव आणि झणझणीत उसळ खाल्ली. त्या भागात खाण्यासारखं तेवढंच होतं.

पहिली दोन ठिकाणं जुळली. तिसरं ठिकाण मी 'नांगरलेली जमीन' म्हणून आखलेलं होतं. टपरीवाल्याला विचारलं, "इकडे डोंगराच्या पायथ्याशी शेत कुणाचं?"

"शेत?" तो हसलाच. "भाऊ, तिकडे खदान आहे. नांगर नाही, सुरुंग लागतो. शिट्टी झाली की खाली बसा, दगड येतात."

गेलो तर खरंच खडीची खाण. एक चूक झाली.

पुढे एका टेम्पोवाल्याने डोंबिवलीच्या कारखान्यांपर्यंत सोडलं. चौथं ठिकाण फोटोत इतकं लालबुंद होतं की मी डोळे झाकून 'भाजीपाला, उत्तम वाढ' लिहिलेलं. तिथे होतं कारखान्यांमागचं एक डबकं आणि त्यावर काठोकाठ माजलेली जलपर्णी. पाण्याला न सांगता येणारा रंग आणि नाकात शिरून बसणारा वास. पाळी संपवून निघालेला एक कामगार थांबून माझ्याकडे बघत होता.

"पालक-मेथी शोधताय काय?" त्याने विचारलं. "अरे, या पाण्याचा थेंब पायावर पडला तर दोन दिवस खाजवत बसतो माणूस. गुरं पण तोंड लावत नाहीत."

दुसरी चूक झाली. पाचवं ठिकाण कसंबसं जुळलं आणि मी डोंबिवलीत मावशीकडे मुक्कामाला गेलो. तिने वांग्याचं भरीत वाढलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्याचं एक नीट पार पाड आणि घरी जा. जूनपर्यंत डोकं खाली घालून राहावं रे माणसाने." मला ते पटलं. पटायला नको होतं, पण पटलं.

दुसऱ्या दिवशी सहावं आणि शेवटचं ठिकाण. डोंबिवलीच्या पश्चिमेला रस्ता संपतो तिथपर्यंत रिक्षा गेली, पुढे खाडीच्या कडेने पाऊण तास चाललो. गावाचं नाव देत नाही. डोक्यावर टोपी आणि जवळ पाणी असल्याशिवाय मे महिन्यात त्या वाटेला जाऊ नका. सावली कुठेच नाही. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला मैल-दीड मैल पसरलेली भेगाळलेली जमीन, वर मिठाचा पांढरा थर. फोटोतही हे पांढुरकंच होतं आणि नकाशावर मी लिहिलं होतं 'पडीक'. जुळलं.

बांधावर एक म्हातारा आणि त्याची बायको घमेल्याने चिखल टाकत होती. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध तीन ठिकाणी खचला होता. माझ्या हातातली फाइल बघून म्हातारा लगबगीने पुढे आला. त्याचं नाव हिराजी.

"बांधाचं बघायला आलाव ना, सायेब? अर्ज करून वरीस झाला."

मी सांगितलं, बांधाचं नाही, जमिनीचं बघायला आलोय. उपग्रहाचं समजावलं. तो म्हणाला, "म्हंजे तेच झालं. कचेरीत बोलले, पिकाची जमीन असंल तर बांध सरकार बांधील, पडीक असंल तर नाय. नवीन नकाशा येतोय, त्यात बघू, बोलले." तो नवीन नकाशा माझ्याच टेबलावर होता.

"पण इथे काही पिकतं का?" मी विचारलं.

हिराजीने खाली वाकून मिठाचा थर हाताने बाजूला केला. खाली भाताची धसकटं होती, ओळीने, जमिनीबरोबर कापलेली. मग गावाकडच्या उंच माळावर नेलं. तिथे राब भाजून ठेवले होते. पावसाआधी पालापाचोळा जाळून रोपांसाठी जमीन तयार करतात, ते काळे चौकोन. ज्याला पेरायचं नाही तो माणूस मे महिन्याच्या उन्हात राब कशाला भाजेल? एवढं मलाही कळत होतं.

घरी नेऊन त्यांनी जेवायला बसवलं. तांदळाची लालसर भाकरी आणि सुकटीचं कालवण. भाकरी कसल्या तांदळाची म्हणून विचारलं तर त्याची बायको, बायजाबाई, म्हणाली, "ह्याच खारीतला. पावसाच्या पान्याने मीठ धुवून जातं, मंग लावतो. दुसरा तांदूळ इथं तगत नाय." इतकी गोड भाकरी मी त्यानंतर खाल्ली नाही. आज हॉटेलांत 'अस्सल आगरी थाळी' म्हणून काहीबाही देतात, त्यात ही चव शोधू नका.

मग बायजाबाईने उलटतपासणी घेतली.

"तुमचा तो वरचा, पावसात येत नाय का?"

"येतो. पण पावसात ढग असतात. फोटोत नुसते ढग येतात."

"मंग फोटू कवाचा काढला?"

"फेब्रुवारीतला. आभाळ स्वच्छ असतं तेव्हा."

"तवा तं कापून, झोडून, घरात आलेलं असतं." मग तिने हिशेब मांडला. "शेतात भात असतं तवा त्याला दिसत नाय, आनि दिसतं तवा शेतात भात नसतं. मंग तो बघतो काय?"

सगळ्या ऑफिसात, साहेबांसकट, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आख्ख्या कोकणपट्टीचं पावसाळी भात आम्ही हिवाळ्यातल्या फोटोत शोधत होतो.

फॉर्म भरायची वेळ आली. एका चौकटीत जमिनीच्या प्रकाराचा आकडा लिहायचा आणि खाली शेरा लिहायला मोठा रकाना. भाताचा आकडा लिहिला असता तर ती तिसरी चूक ठरली असती. मी पडीकचा आकडा लिहिला. मग शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पावसाळ्यात येथे भाताचे पीक घेतले जाते. धसकटे व भाजलेले राब प्रत्यक्ष पाहिले. बांध दुरुस्तीची तातडीने गरज आहे.' आणि ते हिराजीला मोठ्याने वाचून दाखवलं. आकडा वाचला नाही.

त्याचा चेहरा उजळला. "बगितलंस ना?" तो बायकोला म्हणाला. "लिवलंय सायबांनी." मला रस्त्यापर्यंत सोडायला तो आला, माझी फाइल स्वतःच्या डोक्यावर धरून, मला ऊन लागू नये म्हणून.

आता ते सांगतो, जे सांगायला इतकी वर्षं गेली. ऑफिसात फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझंच होतं. कॉम्प्युटरवर फक्त आकडा चढायचा. शेरा कुठेच चढत नसे, कुणी वाचतही नसे. फॉर्म भरताना हे मला ठाऊक होतं. तो शेरा मी हिराजीसाठी लिहिला, त्याने खूश होऊन मला जाऊ द्यावं म्हणून.

परत येताना खोपटला उतरलो आणि ऑफिसात जाऊन शीट दिली. दोनच चुका. साहेबांनी पाठ थोपटली. जूनमध्ये मी कायम झालो.

दिवाळीनंतर एका दुपारी हिराजी ऑफिसात आला. अर्ज फेटाळला गेला होता. रागावलेला नव्हता, उलट त्याला वाटत होतं की कचेरीत काहीतरी घोटाळा झालाय. "तुमी लिवलेला कागद त्यांनी बगितलाच नसंल. तेवढा काढून द्या, मी दाखवतो त्यांना."

मी फॉर्म घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, ही जमीन पडीक नाही, माझी चूक झाली. साहेबांनी फॉर्म उलटसुलट बघितला. "आकडा कुणी लिहिला? सही कुणाची? तूच म्हणालास ना जुळलं म्हणून? नकाशा गेला आता. आपणच आपला नकाशा खोटा ठरवायचा?"

मी बाहेर आलो. हिराजी बाकावर टेकलाही नव्हता, उभाच होता. मी त्याला म्हटलं, "बघतो, वर पाठवतो." त्याने दोन्ही हात जोडले आणि गेला. मी ते वर कुठेही पाठवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीत बांध फुटल्याचं मावशीकडून कळलं. त्यानंतरच्या हिवाळ्याचा फोटो आला तेव्हा जुने नकाशे नव्या फोटोशी ताडून बघायचं काम निघालं. त्या तुकड्यात खाडीचं पाणी शिरून मीठ पसरलेलं होतं. राब भाजायच्या माळावर गवत वाढलेलं. पडीक, शंभर टक्के. माझी शीट सगळ्यांत अचूक निघाली. साहेबांनी पेढे मागवले आणि मी दोन खाल्ले.

लोक मला विचारतात, तिकडे जायला आता कसं? रस्ता चांगला झालाय, रिक्षा थेट खाडीपर्यंत जाते. बांधाच्या जागी खारफुटी वाढली आहे आणि हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढायला माणसं येतात. मोबाइलवर वरून बघितलं तर सगळं गर्द हिरवं दिसतं. हिराजी आणि बायजाबाई कुठे गेले, मी शोधलं नाही. शोधायची हिंमत झाली नाही, हे खरं.

त्या शेतावर मी सही केली. पण भात उभं असताना, श्रावण-भाद्रपदात, ते शेत कसं दिसायचं ते मी एकदाही जाऊन बघितलं नाही.