चाकं नसलेलं खुराडं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. आमच्या गावच्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या बाईंचे. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तो बाईंमुळे.

दहावीचा निकाल लागल्यावर त्या अकरावीचा फॉर्म घेऊन थेट आमच्या वावरात आल्या होत्या. आदल्या दिवशी पाणी दिलेलं, म्हणून चपला हातात घेऊन बांधावर उभ्या. मी आणि बाबा मिरची तोडत होतो.

"भाऊ, याला सायन्सला टाका," बाई म्हणाल्या.

"बाई, सायन्स आपल्याले झेपनार हाये का? अन् हा चिखलीले गेला तं मिरची तोडाले कोन?"

"रविवारी मी येते."

बाबांना वाटलं, बोलायची पद्धत असते. पण बाई खरंच आल्या. ओळीने दोन रविवार त्यांनी आमची मिरची तोडली. हाताची इतकी आग झाली की सोमवारी वर्गात खडूसुद्धा धरवत नव्हता. तिसऱ्या रविवारी बाबांनीच त्यांना हात जोडले आणि फॉर्मवर सही केली. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्यांच्या इच्छेविरुद्ध केलेल्या कामाबद्दल आहे.

पदवी झाल्यावर मी दोन वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षा दिल्या. मग त्या सोडल्या आणि घरी आलो. बाबांबरोबर वांगी-मिरची बघायचो, संध्याकाळी दहावीच्या मुलांची शिकवणी घ्यायचो. मायच्या पाच गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा होता. ती त्यांना बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवायची. मी त्यांच्यात लक्ष घातलं. अंडी विकण्याऐवजी खुडूक कोंबड्यांखाली ठेवली, पिल्लांना वेळेवर लस दिली, आणि दोन वर्षांत कोंबड्या साठाच्या वर गेल्या. जवळच्या उंद्री गावच्या बाजारात बायका आमची अंडी विचारत यायला लागल्या. हे काम मला येतं, आणि मला ते आवडतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. फक्त बाईंना सांगायची हिंमत नव्हती. त्यांना मी "परीक्षांचा अभ्यास चालू आहे" असंच कळवत होतो.

साठ कोंबड्यांना डालगी पुरत नाहीत. त्या वर्षी मी त्यांच्यासाठी पहिलं खुराडं केलं, आणि ते इतकं चुकलं की अजून आठवलं की मान खाली जाते.

आमच्याकडे प्रत्येक घरात पत्र्याच्या मोठ्या कोठ्या रिकाम्या पडल्या आहेत. पूर्वी त्यांत वर्षाची ज्वारी असायची. आता ज्वारी कोणी पेरत नाही आणि सोयाबीन वावरातूनच विकायला जातं. मी आमच्या दोन कोठ्या आडव्या केल्या, विटांवर ठेवल्या, दार कापलं, खिळ्याने वाऱ्यासाठी भोकं पाडली. मजबूत, दार लावलं की मुंगूस शिरणार नाही, आणि नवीन काही आणायला नको. पुस्तकात बघून एका कोंबडीला किती जागा लागते तेही मोजलं. सगळं बरोबर होतं.

मे महिन्यात एका दुपारी मुंगूस परसात फिरताना दिसलं. मला उंद्रीला जायचं होतं, माय-बाबा वावरात होते. मी कोंबड्या कोठ्यांत कोंडल्या आणि गेलो. परत आलो तेव्हा अकरा मेल्या होत्या. बाकीच्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. मी कोठीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. नववीत बाईंनी गरम पाण्यात लोखंडी आणि लाकडी चमचा ठेवून आम्हाला एकेक करून दांडे धरायला लावले होते. तोच धडा मी आदल्याच आठवड्यात शिकवणीत उजळणी म्हणून शिकवला होता.

शेजारीच राहणारे माझे चुलत काका कुंपणावरून बघत होते.

"काऊन बे, बी.एस्सी. करून कोंबड्या उकडून राह्यला का? पहिले सांगतं तं हळद-मीठ घेऊन आलो असतो."

मी कुदळ घेऊन आलो. अकराही कोंबड्या लिंबाच्या झाडापलीकडे खड्डा करून पुरल्या.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. निवृत्त झाल्यापासून त्या मुलाकडे पुण्याला राहतात. त्यांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून त्या बोलतात आणि आपण ऐकायचं. त्यांच्या मुलाने त्याच्या कंपनीत, प्रयोगशाळेत, माझ्यासाठी शब्द टाकला होता. जूनच्या शेवटी हजर व्हायचं होतं. "किती दिवस गावात बसणार? तू हुशार आहेस. काय ते मला पत्राने कळव," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरात आनंद झाला. बाबांनी तर गावात सांगूनही टाकलं.

"कोंबड्या इकून टाक," ते म्हणाले.

माय मध्ये पडली. "दोघी-तिघी अंड्यावर बसल्या हायेत. पिल्लं निंगू द्या. पान्याच्या आधी त्याइले निवारा तं लागनच."

"मंग असं खुराडं आन का उद्या उचलून कोनाले देता येईन," बाबा म्हणाले. "चाकाचं भेटते म्हनतात."

म्हणून मी चिखलीला गेलो. वेल्डिंगच्या दुकानासमोर तयार खुराडी मांडलेली होती. लोखंडी अँगल, चारी बाजूंनी जाळी, खालीही जाळी, वर पत्रा आणि खाली चार चाकं. हिरवा रंग. दिसायला देखणी. वेल्डरने एक ढकलून दाखवलं.

"पाहा सर, एका हातानं चालते. उद्या नोकरी लागली तं उचलून इकून टाका. काही अडकत नाही."

त्यालाही माहीत होतं की मी जाणार. सगळ्यांनाच माहीत होतं. मी पत्र्याखाली जाळीत हात घातला. दुपारचे बारा वाजले असतील. वरून झळ येत होती, कोठीत आली होती तशीच.

"तापते," मी म्हणालो.

"वरून तुराट्या टाका ना." तुरीची वाळकी झाडं आमच्याकडे छपरांवर घालतात.

"गार राहील एवढ्या टाकल्या तर चाकं हलतील?"

"मंग नाही हलनार," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

मी उद्या सांगतो म्हणून परत आलो.

पुढचे तीन दिवस संध्याकाळी मी शिकवणीला सुट्टी दिली आणि परसात बसून कोंबड्या कुठे जातात ते बघितलं. कोठ्यांची दारं उघडी होती, एकही तिकडे फिरकली नाही. आमची जुनी बैलगाडी छपरात उभी आहे. बैल विकल्यापासून तिचं कोणाला काम नाही. दिवस कलला की कोंबड्या एकेक करून तिच्यावर चढायच्या. आधी मोठ्या, वरच्या दांडीवर. मग तरण्या तलंगा. जागेवरून टोचाटोची व्हायची आणि सगळं शांत व्हायचं. छपरावर मागच्या वर्षीच्या तुराट्यांचा जाड थर होता. गाडीच्या दोन्ही बाजू उघड्या, वारा आरपार. मी दांडीची जाडी मोजली, जमिनीपासूनची उंची मोजली. इतके दिवस मी पुस्तकातली जागा मोजत होतो. कोंबड्यांना काय हवं ते त्या रोज परसातच सांगत होत्या.

तिसऱ्या दिवशी मला एक साधी गोष्ट उमगली. ढकलता येणारं खुराडं हलकंच असणार, आणि हलकं खुराडं आमच्या मे महिन्यात तापणारच. गार राहायचं तर खाली दगड हवा आणि वर जाड छप्पर हवं. म्हणजे ते एका जागी रोवावं लागणार. कोंबड्या नीट ठेवायच्या आणि जायची तयारीही ठेवायची, या दोन गोष्टी एका वेळी जमणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावराच्या बांधावरचे काळे दगड हातगाड्यावर घालून आणायला लागलो. चार खेपा झाल्यावर बाबा समोर उभे राहिले.

"हे कायले?"

"ओट्याले."

"कायचा ओटा?"

"खुराड्याचा."

"अन् चाकं?"

"चाकं नाहीत, बाबा."

त्यांनी पायाने एक दगड हलवून बघितला. मग त्यांच्या लक्षात आलं.

"मंग पुन्याले?"

"मी नाही जात."

बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते हळूच बोलले, आणि ते जास्त लागलं. "त्या बाईनं तुह्यासाठी मिरच्या तोडल्या. हात जाळून घेतले. कोंबड्याची घान काढाले शिकवलं का तुले तिनं? आता कोन्या तोंडानं सांगशीन?"

"याच तोंडानं," मी म्हणालो. "आणखी लपवून ठेवलं तर लाज वाटेल. मी शिकलो म्हणून मला हे काम करता येतं. शिकलो म्हणून ते सोडायचं, हे मला पटत नाही."

"मंग मले इचारू नोको काही," असं म्हणून ते वावरात गेले. त्यांनी त्या कामाला बोटही लावलं नाही. आजही ते परसात आले की खुराड्याकडे पाठ करून बसतात. मीही त्यांना मनवायला गेलो नाही.

मायने मात्र विचारलं, "कुड कायचा करतं?" आणि उत्तराची वाट न बघता तुराट्या निवडायला बसली. माझ्याने कुडाची भिंत विणणं झालं नसतं. ती तुरीच्या वाळक्या काड्या इतक्या सफाईने एकीत एक गुंतवायची की मी बघतच राहायचो. पश्चिमेची उन्हाची बाजू तिने विणलेल्या कुडाने बंद केली आणि शेण-मातीने लिंपली. उत्तर-दक्षिण जाळी लावली. जाळीची खालची कड दगडात दाबून टाकली, मुंगसाला उकरता येऊ नये म्हणून. बाभळीचे खांब, वर पत्रा, पत्र्याच्या खालीही तुराट्या आणि वरही तुराट्या. आत बैलगाडीच्या मापाच्या दांड्या. जागा साठ कोंबड्यांची नाही, शंभराची.

काका रोज येऊन बघायचे. "कोंबड्याले बंगला, अन् बाप पत्र्याखाली. वा रे पोरा!"

"काका, दुपारी झोपाले या इथं. तुमच्या घरापेक्षा गार हाये."

"अन् म्या अंडं देल्लं नाही तं मले काढून देशीन का?"

माय हसली. मीही त्या महिन्यात पहिल्यांदा मोकळा हसलो.

पाऊस अजून लांब होता, ऊन मेसारखंच होतं. खुराडं पूर्ण झालं त्या दिवशी दुपारी दोन वाजता मी आत गेलो आणि बाहेरून कडी लावायला मायला सांगितलं.

"येड लागलं का तुले?"

"लाव. तासाभरानं उघड."

त्या अकरा कोंबड्यांना मी जिथे कोंडलं होतं, तिथे मी स्वतः एक मिनिटही बसून बघितलं नव्हतं. आता कोणालाही आत घालण्याआधी मला ते करायचं होतं. मी घमेलं पालथं घालून बसलो. जाळीतून वारा येत होता. घाम आला, पण श्वास कोंडला नाही. वर हात लावून पाहिला, चटका नव्हता. वही आणि पेन मी सोबतच नेलं होतं. बाईंना पत्र तिथेच लिहिलं, आणि माय कडी काढायला आली तेव्हा ते पूर्ण झालं होतं. काही खाडाखोड न करता ते मी तसंच पोस्टात टाकलं.

*

बाई, नमस्कार.

तुम्ही पत्राने कळव म्हणालात, म्हणून लिहितो. मी पुण्याला येणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण खाली लिहिलं असतं तर तुम्ही तिथपर्यंत आशेने वाचलं असतं.

तुमच्या मुलाने माझ्यासाठी शब्द टाकला, त्याचे आभार. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळू द्या. गरजू खूप आहेत.

मी तुमच्याशी खोटं बोललो. परीक्षांचा अभ्यास मी दोन वर्षांपूर्वीच सोडला आहे. मी कोंबड्या पाळतो. आज पन्नासच्या आसपास आहेत. या मे महिन्यात माझ्या चुकीने अकरा मेल्या. चूक विज्ञानातली होती आणि मला ती माहीत असायला हवी होती. ती सुधारली आहे. नवीन खुराडं दगडी ओट्यावर बांधलं आहे आणि मी आत्ता त्याच्या आत बसून लिहितो आहे. बाहेर ऊन आहे, इथे लिहिता येतं.

इथे सगळे म्हणतात की मी शिक्षण वाया घालवलं. बाबाही म्हणतात. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर ते मला सहन करावं लागेल, कारण तुमचं वाटणं मी दुसऱ्या कोणाच्या वाटण्यासारखं झटकू शकत नाही. पण मी ते मान्य करणार नाही. कोंबडी का मेली हे मी शोधू शकलो. दुसरी मरू नये म्हणून काय करायचं ते ठरवू शकलो. आजूबाजूच्या तीन घरांतल्या बायका आता लसीसाठी मला विचारायला येतात. हे वाया गेलेलं शिक्षण नाही, बाई. मला यात कमीपणा वाटत नाही आणि यापुढे कोणी तो वाटायला लावला तरी मी तो मानून घेणार नाही.

एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत कोणी माझं विचारलं तर "सध्या गावी आहे, बघतो आहे काहीतरी" असं सांगू नका. मी काही बघत नाही, मी काम करतो आहे. "माझा विद्यार्थी कोंबड्या पाळतो," असं सांगा. ते तुम्हाला सांगता आलं तर मला दुसरं काही नको.

राग आला असेल तर रागाचं पत्र पाठवा. मी ते नीट वाचेन आणि उत्तर देईन. माझा पत्ता तोच आहे आणि तोच राहील.

तुमचा विद्यार्थी