बाकावरचा रुमाल

देवाशी माझं भांडण झालं असतं तर मी ते तुम्हाला तीन अंकांत रंगवून सांगितलं असतं. तीस वर्षं हौशी नाटकात काम करणारा माणूस मी, एवढं तर येतंच. पण भांडण झालंच नाही. बायको गेली आणि देवाशी नुसता अबोला सुरू झाला. ती म्हणायची, "तुम्हाला प्रेक्षक कशाला लागतात, समोर भिंत असली तरी चालतंय." ती गेल्यावर मी खरोखरच भिंतीसमोर बसून पाहिलं. भिंत वाईट प्रेक्षक आहे. दिवसभर शाळेत चित्रकला शिकवायची, संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरायचं, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याशी बोलेपर्यंत तोंडातून एक शब्द निघायचा नाही. असे आठ महिने गेले.

आम्ही दोघं दर पौर्णिमेला एसटीनं नृसिंहवाडीला जायचो. गाडी लागली की मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि तिनं पिशव्या घेऊन मागून सावकाश यायचं, अशी कामाची वाटणी होती. ती गेल्यावर एकदा एकटाच निघालो. सवयीनं शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. एक गृहस्थ बसायला आले, त्यांना म्हटलं, येणार आहे. गाडी सुटली, तरी मला तो रुमाल उचलता येईना. ते बिचारे दांडीला धरून उभे राहिले आणि उतरताना म्हणाले, "पावणं, येणार येणार म्हणत शिरोळ आलं की." रागावले असते तर बरं झालं असतं. वाडीला पोचलो, घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो आणि दर्शन न घेताच मागे फिरलो. पुढे लग्नात, नाटकात, जिथं जाईन तिथं शेजारी रुमाल पसरायचा आणि कुणी विचारलं की तेच खोटं बोलायचं. शेवटी जाणंच सोडून दिलं.

एक काम मात्र राहिलं होतं. बायको भरतकाम सुरेख करायची. गावातल्या चर्चमधून एकदा तिच्याकडे पांढरं कापड आलं, वेदीवर अंथरायचं. त्यावर तिनं तीन महिने खिडकीत बसून द्राक्षाची वेल भरली. आधी हात बसावा म्हणून तीच वेल माझ्या एका रुमालाच्या कोपऱ्यात काढून पाहिली होती. कापड पोचवून आली तेव्हा म्हणाली, "एकदा जाऊन बघू हं, घातल्यावर कसं दिसतंय ते." पुढच्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिचं हे शेवटचं काम. ते बघून यायचं, एवढ्यासाठी भाद्रपदातल्या एका रविवारी मी चर्चच्या दारात उभा राहिलो.

दारातच पहिली चूक केली. देवळाच्या सवयीनं चपला बाहेर काढल्या. आत गेल्यावर पाहतो तर सगळ्यांच्या पायांत बूट-चपला, आणि बाहेर माझाच एक जोड. आत हवं तिथं बसता येत होतं, "तुम्ही कोण" असं कुणी विचारलं नाही, एका तरुणानं हसून हातात दोन पुस्तकं ठेवली, एक प्रार्थनेचं आणि एक गीतांचं. मी मागच्या बाकावर बसलो, शेजारी रुमाल पसरला आणि मग समोर पाहिलं. वेदीवरचं कापड हिरवं होतं. साधं, हिरवंगार, वेल नाही की पान नाही. आवडलं नसणार यांना. कुठल्या तरी कपाटात पडलं असणार. उठून जावं म्हणतोय तोच सत्तरीच्या एक बाई काठी टेकत आल्या. "इथं कुणी येणार हाय का?" मी म्हटलं, येणार आहे. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, तो ओलांडून पलीकडे बसल्या आणि माझी बाहेर पडायची वाट अडली. त्यांचं नाव एस्तेरमावशी, हे नंतर कळलं.

मग उपासना सुरू झाली आणि माझी अशी तारांबळ उडाली की विचारू नका. हे लोक गाताना उठतात, वाचन ऐकताना बसतात, क्षमा मागताना गुडघे टेकतात. संहिता न वाचता मी आयुष्यात प्रथमच प्रयोगात घुसलो होतो. सगळे बसले तेव्हा मी उभा, सगळे वाकले तेव्हा मी ताठ. पलीकडून मावशींनी ते ओळखलं आणि चक्क प्रॉम्प्टिंग सुरू केलं. "उठा आता." "पान उलटा." "बसा की, आता उपदेश हाय, लांबतोय जरा." मला जोर चढला. पुढच्या प्रार्थनेला सगळ्यांचं 'आमेन' म्हणून झाल्यावर मी माझं 'आमेन' शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात एकट्यानंच म्हटलं. शेवटच्या रांगेत मीच होतो. पुढची चार डोकी वळली. मावशी पुस्तकात बघत म्हणाल्या, "उशीर झाला, पण आवाज चांगला हाय."

थोड्या वेळानं पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, "तुम्हांस शांती असो" म्हटलं आणि सगळं चर्च जागचं हललं. जो तो शेजाऱ्याकडे, पुढच्याकडे, मागच्याकडे वळून हात हातात घेत तेच म्हणू लागला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अनोळखी माणसं माझ्याकडे येत होती. आठ महिन्यांत माझा हात कुणी हातात घेतला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मावशींनी रुमालावरून हात पुढे केला आणि तो तसाच अर्ध्यात थांबला. खाली वाकून त्यांनी रुमालाचा कोपरा बोटांनी चाचपला.

"ही वेल आमची हाय की," त्या म्हणाल्या. "सणाच्या कापडावरची. मी माझ्या हातानं धुतो ते, इस्त्री करतो. टाका न् टाका वळकतो."

मी कसंबसं विचारलं, मग ते घातलं का नाही? त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. चर्चमध्ये ऋतूप्रमाणे रंग बदलतो, आता हिरव्याचे दिवस, पांढरं निघतं मोठ्या सणाला. ईस्टरला ते पहिल्यांदा घातलं तेव्हा लोक जवळ जाऊन बघत होते. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं.

"तिचीच जागा हाय व्हय ही?"

मी मान हलवली.

"मग मी बसू का तिथं? तुम्ही म्हणालासा तर."

मी रुमाल उचलला. त्या सरकून शेजारी बसल्या. एवढंच घडलं. पुढे लोक प्रभुभोजनाला वेदीजवळ जाऊ लागले तेव्हा त्यांनी सांगितलं की भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, पण आशीर्वाद सगळ्यांना आहे, हात छातीवर दुमडून चला. मी अनवाणीच गेलो. पाळकांनी डोक्यावर हात ठेवला. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, मी रडत होतो. निघताना मावशी म्हणाल्या, "नाताळला या. पांढरं घालतो. गर्दी असती, पण जागा धरून ठेवतो."

मी माझ्या दत्ताचाच आहे. पुढच्या पौर्णिमेला वाडीला गेलो. रुमाल खिशातून काढला नाही. शेजारी एक आजोबा बसले आणि जयसिंगपूरपासून माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरले. महाराजांपुढे उभा राहिलो, तेव्हा काही मागितलं नाही. इतके दिवस मी जिच्यासाठी जागा धरत होतो ती त्याच्याकडे पोचली होती, आणि माझ्या शेजारी कुणाला बसवायचं हे ठरवणंही त्याच्याचकडे होतं, एवढं कबूल करून आलो.

नाताळच्या सकाळी मला निघायला उशीर झाला. चर्च दारापर्यंत भरलं होतं, गाणं सुरू झालं होतं. माणसांच्या डोक्यांवरून वेदीवरचं पांढरं कापड दिसलं, आणि त्याच्या काठानं चाललेली वेल. बायको म्हणाली होती ना, बघू. बघितली. चांगली दिसत होती. मग मागच्या बाकाकडे वळलो. तिथं कुणी तरी बसायला बघत होतं आणि एस्तेरमावशी त्यांना ठणकावून सांगत होत्या, "येणार हायत ते."

बाकावर त्यांचा रुमाल पसरलेला होता.