मामा तलावाची पाटी

भंडाऱ्यात कोणाला म्हटलं, "मी किल्ला पाहायला चालले," तर समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "कोन आहे आत?" आमच्या शहरातला किल्ला म्हणजे तुरुंग. किल्ल्यात हौसेनं जाणारं माणूस आमच्याकडे अजून जन्मायचं आहे. त्यामुळे माझा छंद लोकांना समजावून सांगण्यात माझी निम्मी वर्षं गेली.

छंद लागला तो रागातून. जिल्हा फुटला, तेव्हा नवेगावचा बांध, जंगल, असं पाहुण्याला दाखवण्यासारखं पुष्कळ काही गोंदियाच्या वाट्याला गेलं. आमचं भांड्यांचं दुकान. नवरा गल्ल्यावर बसून म्हणाला, "आता आपल्याकडे काय राहिलं? पितळ अन् तांदूळ." मला ते झोंबलंच. म्हटलं, थांबा, दाखवते काय राहिलं ते. आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं फिरायला लागले. पवनीचा दगडी दरवाजा पाहिला, सानगडीचा किल्ला पाहिला, आणि आंबागडावर तर इतक्यांदा गेले, की नवरा विचारायचा, तिकडे जमीन घेतली काय वं?

तुम्हाला जायचं असेल, तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात गडावर गवत इतकं माजतं, की किल्ला बाजूला राहतो आणि माणूस पायाखाली सापच शोधत बसतो. अत्तर लावून जाऊ नका, बुरुजाला आग्या मोहोळ असतं, आणि त्याला तुमच्या अत्तराचं कौतुक नसतं. पाणी घरून न्या. गावात शिरल्यावर "ऐतिहासिक स्थळ कुठं आहे" असं विचारू नका, लोक तुम्हाला तहसीलचा रस्ता दाखवतील. "इथं जुनं काय आहे जी?" असं विचारा, मग बसायला पिढा मिळेल, चहा मिळेल, आणि ऐकायला इतकं मिळेल की शेवटची गाडी चुकेल. पाट्यांचं मात्र जरा सांभाळून. पाटी काय सांगते आणि वाचणारा काय वाचतो, यात फार अंतर असतं. हे मला माझ्या आईनं शिकवलं.

आई माझ्याकडेच राहायची. तिचे आईबाप ती रांगत होती तेव्हाच गेले. तिला वाढवलं तिच्या मामानं, आंबागडाच्या अलीकडच्या एका गावात. मामा तलावात मासोळी धरायचा, आणि त्याच तलावाचं तुडूम सांभाळायचा. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतली, बांधातली, ती दगडी जागा, जिथून धानाला पाणी सोडतात. भर पावसात तुडुमाच्या तोंडाशी कचरा अडकला, की मामा बुडी मारून काढायचा, आणि आई पाळीवर त्याचं कोरडं धोतर धरून उभी. ती मामा मामा करत मागे फिरायची, म्हणून अख्खं गाव त्याला मामाच म्हणायला लागलं. त्याच्यापेक्षा म्हातारे लोकही.

एका उन्हाळ्यात त्या गावची एक बाई आमच्या दुकानात पाणी भरायचा पितळी गुंड घ्यायला आली. बोलता बोलता आईला म्हणाली, "मावशी, तुमच्या तलावाचा गाळ काढला सरकारनं. पाटीबी लावली. मामा तलाव लिहिलं आहे."

आई हातातलं पान चघळायची थांबली. "मामा? असं लिहिलं?"

"मोठ्या अक्षरात."

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, की सरकारनं आईच्या मामाचं नाव तलावाला दिलं. मला तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. कारण मला माहीत होतं, आमच्या जिल्ह्यात असे मामा ढीगभर आहेत. पूर्वी गावचा शेतसारा वसूल करणारा मालगुजार असायचा, तलाव त्याच्या ताब्यात असायचे. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कागदावर त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. एवढं नाव पाटीवर मावत नाही, म्हणून मा.मा. तलाव. त्या मामाचा कोणाच्याच मामाशी संबंध नाही. पण आई त्या दिवशी गल्लीत पेढे वाटत फिरत होती. तिच्या मामाचा एक फोटोही नव्हता आमच्याकडे. सांगायची माझी छाती झाली नाही.

"मले घेऊन चाल," आई म्हणाली. "दुनियेचे दगडं पाहाले जातं, माझ्या मामाची पाटी पाहाले नाही नेत?"

दिवाळीनंतर गेलो. आईनं झेंडूचा हार करून पिशवीत घातला, वर ओला फडका. आंधळगावपर्यंत एसटीनं आणि पुढे ऑटो ठरवला. वाटेत चहा प्यायला तरी आईनं पिशवी खाली ठेवली नाही.

आधी आंबागड. मला वाटलं ती खालीच बसेल, पण ती चढली, दर वळणावर गुडघ्याला शिव्या घालत. वर आल्यावर तिनं इतके प्रश्न विचारले, की माझ्याच पोटची म्हणावी. इथं पाणी कुठून यायचं? स्वयंपाक कोण करायचं? इतके मोठे दगड वर चढवले कसे? मी जमेल तसं सांगत होते. गोंड राजांच्या वेळचा, कोणा सुभेदारानं बांधला म्हणतात.

"त्यानं हातानं बांधला?"

"हातानं कायले बांधीन? बांधून घेतला."

"मंग ज्याईनं बांधला त्याईचं नाव?"

"ते नाही माहीत कोणाला."

"माझ्या मामाचं तरी आलं बाप्पा," ती म्हणाली आणि पदरानं घाम पुसला.  मी पाण्याची बाटली उचलली आणि उतरायची घाई केली.

खाली आल्यावर ऑटो आईच्या गावाकडे वळला. गाव अजून यायचं होतं, तोच उजव्या हाताला एक तलाव लागला, आणि त्याच्या काठाला निळी पाटी. आई प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकली होती. बोट हवेत धरून वाचायची. "मा... मा... त... ला... व." तिनं बोट खाली घेतलं. "हा कोनाचा मामा?"

मी बाहेर पाहत राहिले. ऑटोवाला भला माणूस, त्याला काय कल्पना. मागे वळून म्हणाला, "इकडं सगळे मामा तलावच आहेत, मावशी. जिकडं पाहान तिकडं मामा."

आई माझ्याकडे वळली. "तुले माहीत होतं?"

"हो."

"सांग मंग."

मी सांगितलं. माजी, मालगुजारी, सरकारी कागद, सगळं. आई ऐकत होती, चेहरा दगड.

"माजी म्हंजे माजलेला?"

"माजी म्हणजे पहिले होता, आता नाही तो."

"माजलेलाबी होता," आई म्हणाली. "पाळीवर छत्री धरून उभा राहे. माझा मामा खाली पान्यात अन् हा वरून म्हने, लवकर कर बे." मग माझ्यावर आली. "अन् तू? मले गल्लीत नाचू देल्लं? पेढे वाटू देल्ले?"

"तुझं तोंड पाहून सांगवलं नाही, आई."

"माझं तोंड आता पाहाय."

मी पाहिलं नाही. ऑटोवाल्यानं वेग कमी केला आणि विचारलं, परत वळवू का. मी हो म्हणणार होते. खरं तर मला पळून जावंसं वाटत होतं. आई म्हणाली, "कायले वळवतं? चाल समोर."

तिचा तलाव आला. पाणी काठोकाठ होतं, पलीकडे शिंगाड्याचे वेल, कोणाची तरी डोंगी पालथी घातलेली. पाळीच्या तोंडाशी तीच निळी पाटी, तीच अक्षरं. खाली गावाचं नाव. मामाचं कुठंच काही नाही. आई आधी तुडुमापाशी गेली, वाकून पाण्यात पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं हार तिथंच वाहील. ते बरोबरही दिसलं असतं.

पण ती परत फिरली, थेट पाटीपाशी आली आणि पिशवीतून हार काढला. हात पुरेना. तिनं ऑटोवाल्याला बोलावलं.

"घाल बापू त्या पाटीले."

मी म्हटलं, "आई, ती पाटी मालगुजाराची आहे. सांगितलं ना तुला."

"आयकलं मी. बहिरी नाही झाली." ती पदर डोक्यावर घेत म्हणाली, "मालगुजार माजी झाला. मामा कधी माजी होते का?"

ऑटोवाल्यानं हार घातला. आईनं खालून हात जोडले, आणि मग मला म्हणाली, चाल, भूक लागली.

आई आता नाही. ती वाट आता चांगली झाली आहे, गड पाहून येताना सहज तिकडून जाता येतं. पाळीवर चप्पल काढायची गरज नाही, पण तुडुमाच्या दगडावर पाय देऊ नका, शेवाळ असतं. दिवाळीनंतर गेलात, तर पाटीवर झेंडूचा हार दिसेल. तो दर वर्षी मी घालते. कोणी शिकला-सवरलेला सोबत असेल आणि हसून तुम्हाला सांगायला लागला, की मा.मा. म्हणजे तो मामा नव्हे, तर त्याला सांगू द्या. माझ्या आईलाही ते माहीत होतं.