डाव्या समासातला शेरा

बादलीभर पाण्यासाठी इंग्रजीत अर्ज करायला लावणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत एकच झाला, आणि माझं नशीब असं की मला भाड्याची खोली मिळाली ती नेमकी त्याच्याच घरात. माझा बाप लासूर स्टेशनच्या बाजारात हमाल. आमच्या घरात अक्षर यायचं ते पोत्यावर छापलेलं. ती पोती उसवून आई अंथरायला घ्यायची, म्हणून मी पहिली अक्षरं पाठीखाली घेऊन शिकलो असं म्हटलं तरी चालेल. दोन वेळची भाकर व्हायची, पण दोन्ही वेळा सगळ्यांना पुरायची नाही. अशा घरातून मी मॅट्रिक झालो आणि कॉलेजसाठी एक वळकटी नि एक कंदील घेऊन शहागंजातल्या त्या घरी येऊन थडकलो. याची मला लाज नव्हती, आजही नाही.

घर काकूंचं, म्हणजे आमच्या खोलीमालकिणीचं. हा माणूस म्हणजे काकूंचे थोरले दीर. काकू त्यांना भावजी म्हणत, म्हणून आम्ही तिघे भाडेकरूही भावजीच म्हणायचो. दूधवाला भावजी म्हणायचा, टांगेवाला म्हणायचा. एकदा तर तपासणीला आलेला साहेबही दारातून "भावजी आहेत का?" असं विचारून गेला. भावजींना त्यात काही गैर वाटत नसे.

ते महसूल कचेरीत कारकून. निजामाच्या अमलात उर्दूत नोकरी धरलेली. पोलीस ॲक्शन झालं आणि वर्षा-दोन वर्षांत बाहेरून नवे साहेब आले. त्यांना टिपणं इंग्रजीत पाहिजेत. भावजींची चाळिशी उलटलेली. दुसरा कोणी व्याकरणाचं पुस्तक आणून बसला असता. भावजींनी जुन्या इंग्रजी फायली उघडल्या आणि त्यातून एक सिद्धांत काढला, की जगातल्या प्रत्येक अर्जात सांगण्यासारखं दोनच असतं: कशासाठी पाहिजे, आणि त्याच्या बदल्यात काय. बाकी सगळा मसाला. मग त्यांनी 'फॉर द पर्पज ऑफ', 'विथ अ व्ह्यू टू', 'इन एक्स्चेंज फॉर', 'इन रिटर्न फॉर', 'इन लू ऑफ' असे शब्दांचे जुडगे एका वहीत उर्दू लिपीत उतरवून घेतले आणि दाढी करताना मोठ्यानं म्हणून पाठ केले. "एवढं आलं की साहेबाचं निम्मं डोकं आपल्या हातात आलं म्हणून समज," ते म्हणायचे. उरलेलं निम्मं त्यांनी कधी मागितलं नाही.

ही विद्या वाया जाऊ नये म्हणून त्यांनी घरात कायदा केला. काही मागायचं तर इंग्रजीत अर्ज, आणि अर्जात ही दोन्ही कलमं जागच्या जागी. पहिल्याच दिवशी मी आंघोळीला बादली मागितली. अर्ज लिहिला: 'विथ अ व्ह्यू टू टेक बाथ'. भावजींनी लाल शाईनं 'टेक'वर फुली मारून कागद परत केला. म्हणाले, "'विथ अ व्ह्यू टू'च्या पुढं 'टेकिंग' येतं, बाबा. 'टेक' लिहिलं तर नळसुद्धा ऐकणार नाही." मी टॉवेल गुंडाळून जिन्यात उभ्या उभ्या दुसरा अर्ज लिहिला. बदल्यात त्यांची सायकल पुसून देण्याचं कबूल केलं. अर्ज मंजूर झाला तोवर नळ गेला होता.

मंजुरी मात्र उर्दूत. कागदाच्या डाव्या समासात वळणदार 'मंजूर', खाली सही आणि तारीख. मला उर्दू येत नाही, पण ते वळण अजून डोळ्यांपुढं आहे. "इंग्रजीत विचार करता येतो," भावजी म्हणायचे, "हुकूम उर्दूतच उठतो." मंजूर झालेले सगळे अर्ज ते दोरी ओवून फाइलला लावत.

काकूंना हा कायदा फार सोयीचा पडला. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची त्यांची रीत नव्हती. त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला सांगायच्या, "लिही रे, ओट्यावरची बाज उचला म्हणावं, पापड घालायचेत." मी 'फॉर द पर्पज ऑफ ड्राइंग पापड' लिहायचो. "बदल्यात काय लिहू, काकू?" "दोन पापड भाजून देईन म्हण." कागद हातभर अंतरावर बाजेवर बसलेल्या भावजींकडं जायचा. ते वाचून माझ्याकडंच बघत म्हणायचे, "दोनात बाज उठत नाही. चार." काकू दारातून मला सांगायच्या, "विचार त्यांना, दात आहेत का चार पापडांचे." मग बाज उठायची.

शिकवायचेही असंच. साखर संपली म्हणून चहात गूळ पडला, तो 'इन लू ऑफ'. काकूंनी शेजारी वाटीभर डाळ देऊन वाटीभर तीळ आणले, ते 'इन एक्स्चेंज फॉर'. मी सायकल पुसली म्हणून त्यांनी पेरू दिला, तो 'इन रिटर्न फॉर'. मी एकदा विचारलं, "आणि भावजी, पेरू नुसताच दिला तर?" त्यांनी वही काढून पहिल्यापासून चाळली. मग म्हणाले, "नुसताच? तसा कागद माझ्या पाहण्यात आला नाही."

इंटरच्या वर्षाला बापाच्या पाठीवर पोत्यांची थप्पी कोसळली. गावाकडून निरोप आला तसा मी लासूरला गेलो. बाप बाजेवर पालथा पडलेला. मान न उचलता म्हणाला, "म्या उचलत व्हतो तवर ठीक व्हतं. आता कालेजचं कसं जमंल, तूच सांग. मुकादम म्हनतो, पोराला लाव माझ्या जागी." यात कुणाचं काय चुकलं? मी वळकटी न्यायला शहागंजात परत आलो.

खोली सोडायची तरी अर्ज. मी लिहिला: 'फॉर द पर्पज ऑफ कॅरिइंग सॅक्स'. एक चूक नव्हती त्यात. भावजींनी तो दोनदा वाचला. लाल दौत उघडली, मिटली. मग समासात काहीतरी लिहिलं, पण ते नेहमीचं वळण नव्हतं. "काय लिहिलं?" "नामंजूर." दोन वर्षांत असं प्रथमच घडत होतं. म्हणाले, "भाषा बराबर आहे. मकसद बराबर नाही."

मग फीमाफीचा अर्ज लिहायचं ठरलं. मी सरळ लिहिलं, की बाप जायबंदी आहे, दया करावी. भावजींनी तो फाडला. "मेहरबानी मागणारा कागद या घरातून जात नाही. बदल्यात काय देतोस?" मला राग आला. म्हणालो, "माझ्याकडं देण्यासारखं असतं तर मी माफी कशाला मागितली असती?" तीन दिवस ते दाढी करताना काही म्हणाले नाहीत. काकू पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलल्या, "भावजी, जेवून तरी घ्या." चौथ्या दिवशी कचेरीला निघताना त्यांनी घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. "प्रिन्सिपलसाहेबाला दे. उघडू नको, घडी मोडते."

प्रिन्सिपलसाहेब हैदराबादेत शिकलेले, उर्दू वाचणारे. त्यांनी कागद उघडला, वाचला आणि चष्मा काढला. "दर सुट्टीत हमालांच्या मुलांना इंग्रजी शिकवीन, त्याच्या बदल्यात फी माफ व्हावी. हे कबूल आहे तुला?" कागदात काय आहे ते मला तेव्हाच कळत होतं. मी म्हटलं, "आहे, सर." "ठीक. पण हा अर्ज तर मंजूर झालेला आहे." त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. डाव्या समासात तेच वळण, सही, तारीख. भावजींचा हात सवयीनं चालून गेला होता. "कोणी केला मंजूर?" "भावजींनी, सर." "कोणाचे भावजी?" "खोलीमालकिणीचे." साहेब खिडकीबाहेर बघत खूप वेळ हसू दाबत होते. "मग मी काय करायचं ठेवलंय त्यांनी?" असं म्हणून त्यांनी भावजींच्या सहीखालीच सही केली.

त्या सुट्टीपासून मी बाजाराच्या पत्र्याखाली शिकवायला बसलो. पहिली विद्यार्थिनी माझी धाकटी बहीण, आणि बाजेवरून बघत बसलेला बाप तिच्याआधी 'फॉर द पर्पज ऑफ' म्हणायला लागला. सुट्टी संपवून परत आलो की भावजींना अहवाल द्यावा लागायचा, तोही दोन्ही कलमांसह.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा भावजी सेवानिवृत्त झाले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी अर्ज घेऊन गेलो: माझ्या बापाला पदवीचा कागद दाखवण्यासाठी आपण लासूरला यावं. त्यांनी कागद नाकाशी धरला, दिसेना. "वाच." मी वाचला. "बदल्यात काय लिहिलंस?" "काही नाही लिहिलं." "तसा कागद चालत नाही, बाबा." "एवढा चालवा, भावजी." मग बोटांनी समास चाचपडत त्यांनी शेरा मारला. तो समास सोडून माझ्या मजकुरावर गेला.

लासूरला येणं त्यांच्यानं झालं नाही. त्यांच्या माघारी काकूंनी ती फाइल मला दिली. माझा तो अर्ज तिच्यात सगळ्यात वर होता.

मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. बहीण मॅट्रिक झाली. बाप सही करायला शिकला.