सातच्या वर्गाची निवड

महापालिकेच्या शाळेतला सातवीचा वर्ग. फळ्यावरचं गणित सविताने सगळ्यांआधी सोडवलं होतं. मग सरांनी विचारलं, "जादा गणिताच्या वर्गाला रोज सकाळी सातला कोण येणार? हात वर करा." सविताचा हात अर्धा वर गेला आणि केसांवरून फिरून खाली आला.

"काय गं, तू नाही?"

"सातला नळाला पाणी येतं, सर. आई कामाला गेलेली असते."

"नळवाल्या बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला, सरही हसले. "राहू दे मग. ज्याला गरज असेल तो येईल."

याला शाळेत निवड म्हणतात. घरी पाणी भरायला दुसरं माणूस आहे का, एवढंच तीत तपासलं जातं.

सर गेल्यावर सविता शेजारच्या मुलीला ते गणित समजावू लागली. त्या मुलीची निवड झाली होती.