हरल्यानंतरच्या सकाळी

बमरोलीतल्या आमच्या गल्लीत बोअरचं पाणी कधी गुलाबी येतं, कधी ओल्या मेंदीसारखं हिरवं. शेजारच्या कापडगिरण्यांच्या रंगाचा उग्र वास भातालाही चिकटतो. त्या पाण्यासाठी मी महापालिकेच्या निवडणुकीत अपक्ष उभी राहिले.

पाठीशी पक्ष नव्हता. होती एका जपानी बाईची गोष्ट. साड्यांवर टिकल्या चिकटवता चिकटवता तिची मुलाखत मी फोनवर हिंदीत ऐकली होती. ती दोनदा हरली, मग खासदार झाली, पुढे मंत्री झाली, आणि एका सकाळी मंत्रिपदही गेलं. पण तिकडच्या रिवाजाप्रमाणे ती पहाटे स्टेशनाबाहेर उभी राहून कामावर निघालेल्यांना वाकून नमस्कार करी. हरल्याच्या दुसऱ्या दिवशीही. पद गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही.

मग प्रचारभर मी पाळी बदलताना कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. भुवयांवर धाग्यांची पांढरी लव घेऊन माणसं बाहेर येत. कानांत यंत्रांचा खडखडाट उरलेला, म्हणून साधं बोलणंही ओरडून. मी फक्त वाकत असे.

घरून निघताना सासूबाई म्हणत, "निघाली जपानची मंत्रीण! चहा काय तिथला राजा टाकेल?"

निकाल लागला. मी हरले. विजयाचा ढोल आमच्या दारासमोर मुद्दाम रेंगाळला. गुलाल उंबऱ्यावर साचला.

"आता तरी तोंड लपवून घरात बस," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी मी प्रचारातली तीच इस्त्रीची सुती साडी नेसले. बाटलीत बोअरचं पाणी भरलं. चप्पल पायात सरकवली.

"अगं, मतं मोजून झाली! आता काय मागणार?"

"काही नाही, आई. तोंड दाखवून येते."

फाटकाशी आमच्याच गल्लीतला एक कारागीर मला पाहून थबकला आणि सवयीने ओरडला, "ताई, निकाल कालच लागला! कोणी सांगितलं नाही का?"

सगळे हसले. मी वाकून नमस्कार केला आणि बाटली त्याच्यापुढे धरली. "पाण्याला कोणी सांगितलं नाही, भाऊ."

त्याने ती उन्हात धरली. आतला गुलाबी रंग त्याच्या तळहातावर सांडला. तो हसायचा थांबला.

"आता पाच वर्षं रोज येणार का?"

"तुमची पाळी रोज बदलते ना?"

फाटकातून पुढचा घोळका बाहेर आला. मी पदर सावरला आणि पुन्हा वाकले.