सुईचा भार

वामनरावांनी रेकॉर्डची तिसरी कॉपीही काउंटरवर ठेवली.

"हे बी तिथंच उडून राहिली गा," ते म्हणाले. "गाण्यातला बास आला का सुई उडते."

सदर भागात माझं रेकॉर्डचं दुकान आहे. फंक, रेगे, इलेक्ट्रॉनिक असं परदेशी संगीत. काही नव्या, काही रीइश्यू, म्हणजे जुने अल्बम नव्याने छापलेले. वामनराव इतवारी बाजारातले निवृत्त सोनार. मुलीने टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, भेट दिलं आणि या वयात त्यांना रेगेचं वेड लागलं. आता परत आणलेला हा रीइश्यू यावा म्हणून ते चार महिने थांबले होते.

आधीच्या दोन कॉपी मी दुकानात न वाजवताच डिफेक्टिव्ह म्हणून मुंबईच्या डिस्ट्रिब्यूटरकडे परत पाठवल्या होत्या. त्यावर त्यांचा फोन आला.

"दोन्ही नीट वाजतात. वर्षभर तुमच्याकडून असाच चांगला माल परत येतोय. आणखी एक आली तर सप्लाय बंद."

माझं दुकान त्या एका सप्लायवर चालतं. मी तिसरी कॉपी वामनरावांसमोर दुकानातल्या प्लेअरवर लावली. एकदाही उडाली नाही. आता खापर फोडायला वामनरावच उरले होते.

"काका, घरी तुम्ही प्लेअरला हात लावला असणार."

"मी काहून हात लावीन? तूच तर सेट करून गेला होता."

ते खरं होतं. सुईचा रेकॉर्डवर ठरावीक भार पडावा लागतो. त्यांच्या सुईला दोन ग्रॅम. भार कमी पडला की बासच्या, म्हणजे खालच्या जड सुरांच्या, धक्क्याने सुई खाचेतून बाहेर पडते. तो मोजायला छोटा डिजिटल काटा असतो, गेज म्हणतात. माझा जुना गेज बिघडला म्हणून वर्षापूर्वी मी नवा ऑनलाइन मागवला होता.

संध्याकाळी मनीषनगरला त्यांच्या घरी गेलो. जरा तावातच होतो. गेज सुईखाली ठेवला. बरोबर दोन ग्रॅम.

"बघा," मी म्हणालो आणि रेकॉर्ड लावली. बास आला, सुई उडाली.

वामनराव आत गेले आणि लाकडी डबी घेऊन आले. सोनं तोलायची वजनं होती. त्यातलं दोन ग्रॅमचं त्यांनी चिमट्याने उचलून माझ्या गेजवर ठेवलं. आकडा आला २.८.

"आमच्या वजनाले सरकारी शिक्का असते," ते म्हणाले. "तुह्या काट्याले कधी तपासून आणलं गा?"

मला फार लाज वाटली. गेजवर २.८ दिसेपर्यंत मी भार वाढवला आणि गाणं अडखळल्याशिवाय पार पडलं. वामनराव डोळे मिटून ऐकत होते. मला मात्र आठवत होतं, की या गेजने मी अकरा घरचे प्लेअर सेट केलेत. परत आलेल्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्ड त्याच घरांतल्या. दुकानातला प्लेअर जुना गेज बिघडण्याआधी त्यानेच लावलेला, म्हणून तिथे काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईला फोन करून चूक कबूल केली. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "निदान सांगितलंत तरी." सप्लाय चालू राहिला.

ते वजन घेऊन मी बाकीची दहा घरं फिरलो. देताना वामनराव एवढंच म्हणाले, "वापस आणजो."

नवा, चांगला गेज घेतलाय. तरी दर सहा महिन्यांनी तो घेऊन मनीषनगरला जातो आणि त्या वजनावर तपासून आणतो. तसं वजन बाजारात सहज मिळतं. पण मी ते विकत घेत नाही. तिथवर जाताना ग्राहकाला काय बोललो होतो, ते आठवतं.